पानातलं क जीवनसत्त्व मोजताना: ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या झाडापासून ब्युरेटपर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत प्रकल्पासाठी एक विषय वारंवार निवडला जातो: रस्त्याकडेची झाडं हवेतलं प्रदूषण किती सहन करतात? घोडबंदर रस्ता, ठाणे-बेलापूर रस्ता, महापे-तुर्भ्याची एमआयडीसी ही ठिकाणं विद्यार्थ्यांच्या हाताशी आहेत आणि सप्तपर्णी, पिंपळ, कडुनिंब, सोनमोहर ही झाडं जागोजागी आहेत. अशा प्रकल्पात बहुतेक वेळा वायुप्रदूषण सहनशीलता निर्देशांक काढतात. त्याचं सूत्र असं:

निर्देशांक = [अ × (ह + प) + ज] ÷ १०

अ म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, अर्थात क जीवनसत्त्व, मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये. ह म्हणजे एकूण हरितद्रव्य त्याच एककात, प म्हणजे पानाच्या अर्काचा पीएच आणि ज म्हणजे पानातल्या पाण्याचं सापेक्ष प्रमाण, टक्क्यांत. हरितद्रव्य काढणं सरळ आहे, पीएच मीटरवर वाचायचा, पाण्यासाठी तीन वेळा वजन करायचं. गडबड होते ती पहिल्या अक्षरात, आणि ते अक्षर गुणाकारात बसलेलं आहे. ह १.५, प ६ आणि ज ७५ धरा. अ जर ४ असेल तर निर्देशांक १०.५ येतो. निष्काळजीपणे तोच अ २ मोजला गेला तर ९.० येतो. झाडांची क्रमवारी बदलायला एवढा फरक पुरतो.

म्हणून हा लेख फक्त त्या एका अक्षराबद्दल आहे. शेवग्याच्या पाल्यावर, रानभाज्यांवर किंवा पेरूवर काम करणाऱ्यांनाही पद्धत हीच लागेल. माझं ठाम मत आधीच सांगतो: क जीवनसत्त्वाच्या मोजमापात बहुतेक चुका ब्युरेटपाशी, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायच्या तोटीच्या नळीपाशी, होत नाहीत. पान तोडल्यापासून ते आम्लात पूर्ण कुटलं जाईपर्यंतच्या वेळात त्या होऊन गेलेल्या असतात.

काय मोजायचं आहे?

पानात क जीवनसत्त्व दोन रूपांत असतं. एक ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क्षपित रूप. दुसरं डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे ऑक्सिडीकरण झालेलं रूप. जिवंत पेशीत दोन्ही एकमेकांत बदलत राहतात. दोन्ही मिळून एकूण क जीवनसत्त्व होतं. निरोगी, ताज्या पानात साधारण नऊ दशांश किंवा त्याहून जास्त वाटा क्षपित रूपाचा असतो.

हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण आपलं काम तपासायची सर्वांत चांगली खूण तीच आहे. धडधाकट झाडाच्या पानात क्षपित वाटा ६० टक्केच निघाला, तर झाड तणावाखाली आहे असा निष्कर्ष काढण्याआधी नमुना कसा हाताळला ते तपासा.

पान कापलं की पेशी फुटतात आणि वेगवेगळ्या कप्प्यांत असलेल्या गोष्टी एकत्र येतात. ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरं (एन्झाइम) हवेच्या मदतीने क्षपित रूप संपवू लागतात. काकडी, दुधी, भोपळा या वेलवर्गीय भाज्यांत ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज इतकं भरपूर असतं की बाजारात मिळणारं शुद्ध विकर तिथूनच काढलेलं असतं. तयार झालेलं डीहायड्रो रूप आम्लात बऱ्यापैकी टिकतं, पण उदासीन पीएचला आणि उबेत काही मिनिटांतच त्याचं वलय फुटतं आणि डायकीटोगुलोनिक आम्ल बनतं. तिथून परतीची वाट नाही. पुढे कुठलीही पद्धत वापरली तरी तो भाग मोजमापात येणार नाही.

यातून तीन नियम निघतात: थंड, आम्लयुक्त, आणि लवकर.

झाडापासून प्रयोगशाळेपर्यंत

रबाळ्याला पानं तोडायची, पिशवीत भरायची, ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ठाण्याला यायचं, जेवण करून मग प्रयोग सुरू करायचा, असा क्रम ठेवलात तर मे महिन्याच्या उकाड्यात त्या पिशवीतल्या आकड्याला अर्थ उरत नाही. याला तीन पर्याय आहेत, उतरत्या पसंतीने सांगतो.

सर्वांत उत्तम म्हणजे झाडाखालीच द्रव नायट्रोजनमध्ये पान गोठवणं. उणे १९६ अंशांना सगळं जागच्या जागी थांबतं. नंतर उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवता येतं. फक्त एक पथ्य कडक पाळा: गोठलेलं पान वितळू द्यायचं नाही. वितळलेल्या पानाच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात आणि त्यात विकरं मोकाट सुटतात. द्रव नायट्रोजनमध्येच भुकटी करायची आणि ती भुकटी गोठलेली असतानाच थंड आम्लात टाकायची.

दुसरा पर्याय मला महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी फार आवडतो: आम्लच झाडापाशी न्यायचं. घट्ट झाकणाच्या नळ्यांत प्रत्येकी ठरावीक थंड आम्ल भरा, झाकणासकट वजन करा, नंबर टाका आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवा. झाडाखाली पानाच्या चकत्या पंचने कापून सरळ नळीत टाका. परत आल्यावर नळीचं बाहेरचं पाणी पुसून पुन्हा वजन करा. फरक म्हणजे पानाचं ताजं वजन. अखंड चकतीत आम्ल हळूहळू शिरतं, त्यामुळे ही पद्धत नायट्रोजनची बरोबरी करत नाही, पण पिशवीतल्या पानापेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे. एकूण तासा-दोन तासांत कुटायला घ्या.

तिसरा पर्याय म्हणजे पान न तोडता छोटी फांदी कापायची, टोक लगेच पाण्यात बुडवायचं, वरून ओलं फडकं झाकायचं आणि पान खलात टाकायच्या क्षणीच फांदीवरून तोडायचं. फांदीवरचं पान काही काळ जिवंत राहतं आणि आपलं क जीवनसत्त्व सांभाळतं. बाजारातून भाजी घेतानाही हेच तत्त्व पाळा. जांभळी नाक्यावरून शेवग्याचा पाला घ्यायचा तर ओरबाडलेली पानं नकोत, दांड्यासकट जुडी घ्या. अर्थात बाजारात भाजी कधी तोडली ते कळत नाही, म्हणून अहवालात ‘बाजारातला नमुना’ असं स्पष्ट लिहा.

कुठली पानं घ्यायची तेही आधी ठरवा. उन्हातल्या पानात सावलीतल्यापेक्षा क जीवनसत्त्व जास्त असतं, कोवळ्या आणि जून पानांत फरक असतो आणि दिवसाच्या वेळेनुसारही आकडा हलतो. सगळ्या झाडांची पानं एकाच वेळी, समजा सकाळी नऊ ते दहा दरम्यान, टोकापासून तिसरं-चौथं पूर्ण वाढलेलं पान, जमिनीपासून साधारण सारख्या उंचीवरचं, अशी घ्या. येऊरमधल्या झाडांशी तुलना करायची असेल तर तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, तिथे नमुने घ्यायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. खाडीकाठच्या तिवरांनाही परवानगीशिवाय हात लावू नका.

रस्त्याकडेच्या पानांवर धुळीचा थर असतो आणि त्या धुळीत लोह, तांबं असे धातू असतात. तांब्याचा अंशही ॲस्कॉर्बिक आम्लाचं ऑक्सिडीकरण वेगाने घडवतो. पान फांदीवर असतानाच ऊर्ध्वपातित पाण्याने चटकन धुवा, टिश्यूने टिपा आणि मग तोडा. कापलेलं पान पाण्यात भिजत ठेवू नका, कापलेल्या कडांतून जीवनसत्त्व पाण्यात उतरतं. तांब्याचाच मुद्दा पाण्यालाही लागू आहे. प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातन यंत्राचे आतले भाग तांब्याचे असतील तर ते पाणी या प्रयोगाला नको, काचेच्या यंत्रातलं किंवा विआयनित पाणी घ्या. पितळी खलबत्ताही नको.

कुठलं आम्ल?

३ ते ५ टक्के मेटाफॉस्फोरिक आम्ल सर्वांत चांगलं. ते विकरं निकामी करतं, प्रथिनं खाली बसवतं आणि धातूंनाही बांधून ठेवतं. अडचण आपल्याकडच्या हवेची. हे रसायन हवेतली ओल ओढून घेतं, आणि पावसाळ्यात ठाण्यात बाटली उघडी राहिली तर आतल्या कांड्या चिकट होतात. तयार द्रावणही हळूहळू साध्या ऑर्थोफॉस्फोरिक आम्लात बदलतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा.

४ टक्के ऑक्सॅलिक आम्ल स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं आणि पुढे सांगितलेल्या डायच्या (रंगद्रव्याच्या) टायट्रेशनला, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजायच्या पद्धतीला, उत्तम चालतं. महाविद्यालयात मी हेच वापरायला सांगेन. विषारी आहे, पिपेटला तोंड लावायचं नाही.

टायट्रेशनसाठी या आम्लात ईडीटीए, म्हणजे धातूंना पकडून ठेवणारं रसायन, टाकून १ मिलिमोलर करता येतं, धातूंचा उपद्रव कमी होतो. मात्र पुढे सांगितलेल्या बायपिरिडिल पद्धतीत ईडीटीए अजिबात नको, कारण तिथे लोहावरच मोजमाप उभं आहे आणि ईडीटीए लोहालाच पकडतं.

कुटणं

चिनी मातीचा खल आणि बत्ता अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये ठेवा. आम्ल बर्फात हवं. खलात आधी आम्ल, मग पान. कोरडं पान कुटून नंतर आम्ल घालणं म्हणजे ज्या दोन मिनिटांत विकरांना थांबवायचं तीच त्यांना मोकळी देणं.

२ ग्रॅम पान, चिमूटभर धुतलेली वाळू आणि ५ मिली थंड आम्ल घ्या. दोन मिनिटांत तंतू सुटेपर्यंत कुटा. मग आणखी ५ मिली आम्ल घालून पुन्हा कुटा. लगदा सेंट्रिफ्यूज नळीत ओता, खल थोड्या थोड्या आम्लाने दोनदा विसळून त्यातच मिळवा. शीत सेंट्रिफ्यूज असेल तर ४ अंशांना १०,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट) वेगाने १० मिनिटं. साधं टेबलावरचं यंत्र असेल तर नळ्या आधी गार करा आणि ४,००० फेऱ्यांना १० मिनिटं फिरवा. वरचं द्रावण ५० मिलीच्या मोजफ्लास्कमध्ये घ्या, खाली राहिलेला गाळ थोड्या आम्लात हलवून पुन्हा एकदा फिरवा, तेही मिळवा आणि आम्लानेच खुणेपर्यंत भरा. शेवग्याच्या पाल्याला २ ग्रॅमला ५० मिली बरं पडतं. पेरूला ५ ग्रॅमला १०० मिली, आवळ्याला १ ग्रॅमला १०० मिली घ्या, नाहीतर डाय पुरणार नाही.

जास्वंद किंवा भोकर यांच्यासारख्या बुळबुळीत पानांचा अर्क चिकट होतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये नीट बसत नाही. तिथे आम्ल दुप्पट घ्या आणि आधी मलमलच्या कापडातून गाळा.

एका वेळी किती नमुने कुटायचे? दोघांची जोडी असेल तर सहा. सहावा नमुना कुटून होईपर्यंत पहिला बर्फात वाट बघतो, पण आम्लात असल्यामुळे तो सुरक्षित असतो. पानं मात्र आधीच कापून रांगेत ठेवायची नाहीत.

डायचं टायट्रेशन

२,६-डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल, प्रयोगशाळेत सगळे ज्याला नुसतं ‘डाय’ म्हणतात, ते उदासीन पाण्यात गडद निळं असतं, आम्लात गुलाबी होतं आणि ॲस्कॉर्बिक आम्लाने क्षपण केलं की रंगहीन होतं. अर्कात डाय थेंबाथेंबाने सोडला की जीवनसत्त्व असेपर्यंत प्रत्येक थेंब विरतो. ते संपलं की पुढचा थेंब गुलाबी राहतो. हाच एंड पॉइंट.

डाय असा बनवा: ४२ मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, त्यात ५२ मिलिग्रॅम डायचं सोडियम क्षार घाला, हलवा आणि पाण्याने २०० मिली करा. गाळून घ्या, कारण न विरघळलेले कण ब्युरेटच्या तोटीत अडकतात. काळपट बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा. आठवड्याहून जुना डाय वापरू नका. शंका आली तर ५ मिली डायमध्ये आम्लातलं ॲस्कॉर्बिक आम्ल भरपूर घाला. द्रावण जवळजवळ रंगहीन व्हायला हवं. मळकट छटा उरली तर डाय फेकून द्या.

स्टँडर्डसाठी, म्हणजे तुलनेच्या ज्ञात प्रमाणाच्या द्रावणासाठी, १०० मिलिग्रॅम शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल ४ टक्के ऑक्सॅलिक आम्लात विरघळवून १०० मिली करा. यातले १० मिली पुन्हा त्याच आम्लाने १०० मिली केले की १ मिलीत ०.१ मिलिग्रॅमचं कामाचं द्रावण तयार होतं. दोन्ही त्याच दिवशी बनवा. भुकटी पिवळसर झाली असेल तर ती बाटली बाजूला ठेवा. औषधाच्या दुकानातल्या चघळायच्या गोळ्या सरावाला ठीक आहेत, स्टँडर्ड म्हणून नाहीत.

आता १० मिली कामाचं स्टँडर्ड, त्यात १० मिली ऑक्सॅलिक आम्ल, आणि ब्युरेटमधून डाय. फिकट गुलाबी रंग १५ सेकंद टिकला की थांबा. पूर्ण टायट्रेशन दोन मिनिटांच्या आत संपवा. पहिल्यांदा अंदाज घ्यायला एकदा भरभर करा, मग तीन नीट करा. तिन्ही रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळायला हवीत. डाय गडद असल्याने वक्र पृष्ठभागाचा तळ दिसत नाही, तेव्हा सगळीकडे वरची कड वाचा आणि तीच सवय शेवटपर्यंत ठेवा.

वर सांगितलेल्या डायने १० मिली स्टँडर्डला ६ ते ७ मिली लागायला हवेत. ही अपेक्षा आधीच माहीत असणं फार उपयोगाचं आहे. ९ मिली लागले तर डाय कमजोर आहे. ४ ते ५ मध्येच गुलाबी झालं तर स्टँडर्डमधलं ॲस्कॉर्बिक आम्ल उडालेलं आहे, बहुधा पाण्यात तांबं आहे किंवा द्रावण कालचं आहे. काही ठिकाणी ५ मिली स्टँडर्ड घेतात, पण तेव्हा डाय जेमतेम ३ मिली लागतो आणि वाचनातली ०.०५ मिलीची चूकही दीड टक्क्यावर जाते. १० मिलीच घ्या.

कोरं रीडिंग म्हणजे ब्लँक विसरू नका: २० मिली नुसतं आम्ल, गुलाबी दिसेपर्यंत डाय. साधारण ०.१ मिली लागतो. तो प्रत्येक रीडिंगमधून वजा करा.

समजा स्टँडर्डला ६.४ मिली लागले. ब्लँक वजा करून ६.३. त्यात १ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल होतं, म्हणजे १ मिली डाय बरोबर ०.१५९ मिलिग्रॅम. आता शेवग्याच्या अर्काचे १० मिली, त्यात १० मिली आम्ल, आणि डाय लागला ३.१, म्हणजे ३.०. यात ०.४७६ मिलिग्रॅम जीवनसत्त्व. पूर्ण ५० मिलीत २.३८. हे २ ग्रॅम पानातलं, म्हणून १०० ग्रॅमला ११९ मिलिग्रॅम. निर्देशांकाच्या सूत्रासाठी हाच आकडा १.१९ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. ती फक्त क्षपित रूप मोजते. आणि डायला रंगहीन करणारे इतर पदार्थही त्यात मोजले जातात: फेरस लोह, सल्फाइट, काही थायॉल. यातले बरेच ॲस्कॉर्बिक आम्लापेक्षा हळू प्रतिक्रिया देतात, आणि म्हणूनच १५ सेकंदांचा आणि दोन मिनिटांचा नियम आहे. रंग दीड मिनिटाने पुन्हा विरला म्हणून आणखी डाय घालत बसू नका, त्या वेळी तुम्ही दुसरंच काहीतरी मोजत असता.

अर्कच रंगीत असेल तर

हिरव्या पानांचा फारसा त्रास नसतो. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते गाळाबरोबर खाली बसतं. उरलेली फिकट पिवळट छटा पांढऱ्या टाइलवर फ्लास्क ठेवला की सांभाळता येते. लाल माठ, जांभूळ, करवंद यांचं मात्र तसं नाही. अर्कच गुलाबी-लाल असतो, एंड पॉइंट दिसणार कसा? अशा नमुन्यांना टायट्रेशनच्या वाटेला जाऊच नये असं मला वाटतं. अर्क इतका पातळ करून बघतात की रंग दिसेनासा होतो, पण तेव्हा डाय अर्धा मिलीही लागत नाही आणि आकडा डळमळीत होतो. त्यांच्यासाठी पुढची पद्धत.

एकूण आणि क्षपित, दोन्ही: बायपिरिडिल पद्धत

आम्लात ॲस्कॉर्बिक आम्ल फेरिक लोहाचं फेरसमध्ये क्षपण करतं. फेरस लोह बायपिरिडिलशी जोडलं जाऊन गुलाबी-लाल संयुग बनतं, ते ५२५ नॅनोमीटरला वाचायचं. अर्काच्या एका भागात आधी डायथायोथ्रेटॉल, म्हणजे डीटीटी घालून डीहायड्रो रूप परत क्षपित करून घेतलं की एकूण आकडा मिळतो. दोन्हींतला फरक म्हणजे डीहायड्रो रूप.

पान कमी लागतं: ०.२ ग्रॅम, ६ टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लात कुटून आणि सेंट्रिफ्यूज करून ३ मिली. हे आम्ल त्वचा जाळतं, हातमोजे आणि चष्मा हवाच. स्टँडर्ड त्याच आम्लात ०.१ ते ०.५ मिलिमोलर, पाच पायऱ्यांत. १७.६ मिलिग्रॅम १० मिलीत म्हणजे १० मिलिमोलर, तिथून पातळ करत या.

एकूणसाठी नळीत २०० मायक्रोलिटर अर्क, २०० मायक्रोलिटर ०.२ मोलर फॉस्फेट बफर पीएच ७.४, मग ७० मायक्रोलिटर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड हलवत हलवत, आणि १०० मायक्रोलिटर १० मिलिमोलर डीटीटी. सोडियम हायड्रॉक्साइडची पायरी गाळू नका. ६ टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल जवळपास ०.३७ मोलर असतं, एवढं आम्ल २०० मायक्रोलिटर बफरला पेलत नाही. आणि डीटीटी उदासीन किंवा किंचित अल्कलीत काम करतं, आम्लात जवळजवळ निष्क्रिय राहतं. पहिल्या दिवशी एका जास्तीच्या नळीत पीएच पट्टी बुडवून ७ च्या आसपास आहे ना ते बघा. ‘एकूण’ आणि ‘क्षपित’ तंतोतंत सारखे आले की आनंद मानण्याआधी हीच पायरी तपासावी.

४२ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा. मग १०० मायक्रोलिटर ०.५ टक्के एन-इथाइलमॅलीमाइड घालून एक मिनिट थांबा. शिल्लक डीटीटीला ते बांधून टाकतं, नाहीतर डीटीटी स्वतःच लोहाचं क्षपण करेल. क्षपित रूपाच्या नळीत डीटीटी आणि एन-इथाइलमॅलीमाइड यांच्याऐवजी २०० मायक्रोलिटर पाणी, बाकी सारखंच.

आता दोन्ही नळ्यांत या क्रमाने: ५०० मायक्रोलिटर १० टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल, ४०० मायक्रोलिटर ४२ टक्के फॉस्फोरिक आम्ल, ४०० मायक्रोलिटर ४ टक्के बायपिरिडिल ७० टक्के इथेनॉलमध्ये, आणि शेवटी २०० मायक्रोलिटर ३ टक्के फेरिक क्लोराइड. प्रत्येक द्रावण घातल्यावर हलवा. ४२ अंशांना ४० मिनिटं, मग वाचन. फेरिक क्लोराइड त्याच दिवशी बनवा. स्टँडर्डच्याही दोन रांगा लावा, एक डीटीटीसह, एक त्याविना, आणि प्रत्येक नमुना आपापल्या रांगेच्या रेषेवर वाचा. लाल माठासारख्या रंगीत अर्कासाठी आणखी एक नळी हवी, जिच्यात बायपिरिडिलऐवजी नुसतं ७० टक्के इथेनॉल असेल. तिचं रीडिंग वजा करा.

हिशेब सोपा आहे. रेषेवरून ०.४५ मिलिमोलर आलं, तर ३ मिलीत १.३५ मायक्रोमोल, ०.२ ग्रॅमसाठी ६.७५ मायक्रोमोल प्रति ग्रॅम. १७६.१२ या रेणुभाराने गुणलं की १.१९ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. एकूण ०.४७ आलं असेल तर क्षपित वाटा ९६ टक्के, म्हणजे नमुना चांगला सांभाळला गेला.

आवळा, तिवर, जांभळाचं पान असे टॅनिनने भरलेले नमुने इथे फसवतात. टॅनिनही फेरिक लोहाचं क्षपण करतं, त्यामुळे आकडा फुगतो. अशा वेळी अर्काचा एक भाग पीएच ५.६ च्या आसपास आणून त्यात ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज घालून खरं ॲस्कॉर्बिक आम्ल संपवा, मग तोही भाग मोजा. विकरानंतरही जो रंग येतो तो टॅनिनचा, तो वजा करायचा. विभागात एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, असेल तर टॅनिनच्या नमुन्यांसाठी तीच योग्य: सी-१८ कॉलम, आम्लयुक्त मोबाइल फेज, २५४ नॅनोमीटरच्या आसपास वाचन. तिथे डीटीटीऐवजी टीसीईपी वापरता येतं, ते आम्लातही काम करतं आणि पीएच वर न्यावा लागत नाही.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

प्रत्येक झाडाची तीन स्वतंत्र पानं, प्रत्येकाचा स्वतंत्र अर्क. एकाच अर्काची तीन टायट्रेशन म्हणजे तीन नमुने नव्हेत, तो फक्त हाताचा अचूकपणा झाला.

एक नमुना जास्तीचा घ्या आणि कुटताना त्यात १ मिली मूळ स्टँडर्ड, म्हणजे १ मिलिग्रॅम, घाला. आधीच्या उदाहरणात २.३८ मिलिग्रॅम होतं, आता ३.३८ यायला हवं. ३.३० आलं तर घातलेल्यापैकी ९२ टक्के परत मिळालं, ते चालेल. ९० च्या खाली गेलं तर कुटण्यापासून सेंट्रिफ्यूजपर्यंत कुठेतरी गळती आहे. पण ही चाचणी आम्लात पडल्यानंतरचंच सांगते. आम्लात पडण्याआधी पानाने काय गमावलं ते तिला कळत नाही.

त्यासाठी वेगळा प्रयोग करावा, आणि प्रकल्पाची सुरुवात त्यानेच करावी असं मला मनापासून वाटतं. एकाच फांदीची सारखी पानं घ्या. काही तोडल्या क्षणी आम्लात कुटा, काही बारीक कापून खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवून, काही दोन तास ठेवून. तिन्हींचे आकडे शेजारी मांडा. तुमच्या झाडासाठी, तुमच्या खोलीत, किती वेळ परवडतो ते त्यातून थेट कळतं आणि पुढच्या सगळ्या नमुन्यांची वेळमर्यादा त्यावरूनच ठरवता येते.

आकडा देताना एकक पूर्ण लिहा: ताज्या वजनावर की कोरड्या. उन्हाळ्यात रस्त्याकडेची पानं सुकलेली असतात आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेली, त्यामुळे ताज्या वजनावरची ऋतूंची तुलना फसवी ठरते. त्याच पानांतला एक भाग ७० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. पाणी ७२ टक्के निघालं तर ११९ मिलिग्रॅम ताज्या वजनावर म्हणजे ४२५ मिलिग्रॅम कोरड्या वजनावर. जीवनसत्त्व मात्र ताज्या पानातूनच मोजायचं, वाळवलेल्यातून नाही. शिवाय कुठली पद्धत, क्षपित की एकूण, पान तोडल्याची वेळ आणि आम्लात पडल्याची वेळ, या चार नोंदी आकड्याशेजारीच हव्यात. छापील तक्त्यातल्या आकड्याशी तुलना करतानाही हेच बघा. आवळ्यासाठी वेगवेगळ्या तक्त्यांत १०० ग्रॅमला अडीचशेपासून सहाशे मिलिग्रॅमपर्यंत आकडे दिसतात. त्यात वाणाचा आणि पिकल्या-कच्च्याचा फरक आहे, तसाच पद्धतीचाही आहे.

उरलेली द्रावणं बेसिनमध्ये ओतू नका. ऑक्सॅलिक आणि ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लांचे अर्क वेगवेगळ्या कॅनमध्ये साठवा. बायपिरिडिल आणि एन-इथाइलमॅलीमाइड असलेली द्रावणं विषारी आहेत, त्यांचा कॅन स्वतंत्र ठेवून लेबल लावा आणि महाविद्यालयाच्या घातक कचऱ्याबरोबर पाठवा. आपल्या भागासाठी तळोज्याला अशा कचऱ्याचं प्रक्रिया केंद्र आहे. ब्युरेट लगेच धुवा, डाय तोटीत वाळला की पुढच्या बॅचच्या पहिल्या रीडिंगमध्ये उतरतो.